खाचरातला समुद्र

सर बोलताना तुमच्याकडे बघत नसत. तुमच्या उजव्या कानाच्या थोडं पलीकडे बघत. नवखा माणूस मान वळवून मागे कोण उभं आहे ते पाही, आणि मागे बहुतेक वेळा नुसती भिंत असे. म्हातारपणी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मध्यभाग निकामी झाला होता. समोरचं सगळं पुसट, कडेचं मात्र स्वच्छ. त्यामुळे एखाद्याला नीट बघायचं तर त्याच्यावरून नजर हटवावी लागे. डॉक्टर हे समजावून सांगू लागले, तेव्हा सरांनी त्यांना मधेच थांबवून डोळ्याची रचना स्वतःच सांगितली आणि वर डॉक्टरांची एक चूक दुरुस्त केली, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगत. ती चूक खरंच डॉक्टरांची होती का, हे काकूंना माहीत नव्हतं. सरांना शंका नव्हती. सरांना सहसा शंका नसेच.

मी त्या वेळी कर्जतच्या एका कॉलेजात तासांवर वनस्पतिशास्त्र शिकवत होते. एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं म्हणून गेले, तर खुर्चीत एक उंच, वाळके गृहस्थ बसलेले. पांढरा झब्बा इतका स्वच्छ की खोलीतलं बाकी सगळं मळकट वाटावं. माझ्या कानाकडे बघत ते प्राचार्यांना म्हणाले, "मला डोळे हवेत. डोकं माझं मी आणलंय."

प्राचार्य हसले. मला राग आला. पण त्यांनी झब्ब्याच्या खिशातून एक फोटो काढून माझ्यापुढे धरला आणि हे काय आहे, असं विचारलं. मधे एक गोलसर अंग, त्यावर बारीक पट्टे आणि दोन्ही बाजूंना दोन फुगीर पिशव्या. मी म्हटलं, देवदारासारख्या झाडाचा परागकण असावा.

"नाव नंतर," ते म्हणाले. "आधी दिसतं काय ते सांग."

मी सांगितलं. दोन्ही अंगांना पखाली लटकवलेला बैल वरून दिसावा तसं. हे मला अचानक सुचलं होतं. त्यांनी फोटो खिशात घातला, उठले, आणि सोमवारपासून कडावला यायचं, असं सांगून निघून गेले. मी हो म्हटलेलं मला आठवत नाही.

घरी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, कडावला भात पिकतो, दूध होतं, तिथं कोळसा कुठून आला? आमच्या कित्येक पिढ्या कर्जत गावात गेलेल्या, त्यामुळे आसपासच्या गावांत काय असतं आणि काय नसतं याबद्दल वडील ठाम असत. त्यांचं बरोबरच होतं. कोळसा कडावचा नव्हता, सर कडावचे होते. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा शिकून विदर्भात कोळशाच्या सरकारी ऑफिसात लागला, उभी नोकरी तिथल्या एका खोऱ्यात काढली आणि निवृत्त होताना ऑफिसने टाकून द्यायला काढलेले बोअरच्या दगडांचे तुकडे मागून घेऊन गावी परतला. ते तुकडे आणि त्यांपासून मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठी केलेल्या काचा घरामागच्या जुन्या गोठ्यात रचून ठेवलेल्या होत्या. गोठ्याला पांढरा चुना, खिडक्यांना बारीक जाळी, दाराला दोन पडदे. आतमध्ये एक मायक्रोस्कोप आणि एक आरामखुर्ची. मायक्रोस्कोप माझा, खुर्ची त्यांची.

काम सांगायला सोपं होतं. पंचवीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी त्या खोऱ्यात जी जंगलं होती त्यांचा कोळसा झाला. झाडं गेली, पण झाडांचे परागकण आणि नेच्यांचे बीजाणू थरांत तसेच राहिले, कारण त्यांची भिंत इतकी चिवट असते की दगड आम्लात विरघळवला तरी ती उरते. कुठल्या थरात कोणाचे कण किती, हे पाहिलं की तिथं तेव्हा गर्द झाडी होती की दलदल, नदी वाहती होती की साचलेली, हे सांगता येतं. सर हे असं सांगत की जणू शेजारच्या गावची खबर. एखाद्या सकाळी मी जरा उशिरा पोचले तर ते म्हणत, "ये. काल आपण नदीकाठी होतो. पाणी चढत होतं. पुढची काच लाव."

मग मी एकेक कण शोधायचा आणि तोंडाने सांगायचा, आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेले सर त्याला नाव द्यायचे. "वाटतं" हा शब्द त्या गोठ्यात चालत नसे. मी एकदा म्हटलं, सर, मला वाटतं हा नेच्याचा बीजाणू आहे. ते म्हणाले, वाटतं ते कर्जतला ठेवून येत जा. मग मी शिकले. गोल, परातीसारखा जाड काठ, मधे तिठा. तीन वाटा जिथं मिळतात तशी खूण. "तिठा असेल तर नेचा," सर म्हणत, आणि वहीतल्या त्याच्या घरात आकडा मांडायला सांगत. हळूहळू मी स्वयंपाकघरातली आणि रस्त्यातली सगळी वस्तुजात कामाला लावली.

स्वच्छता हे त्यांचं वेड होतं. गोठ्यात शिरताना पाय धुवायचे, ओढणी बाहेर खुंटीला, केसांना रुमाल. पावडर बंद. फूल तर अंगणातसुद्धा गोठ्याच्या बाजूला नाही. काकूंना फुलांची आवड. त्या खालापूरकडच्या, माहेरी परसभर अबोली आणि मोगरा. इथं त्यांनी झेंडू लावला होता तो पार पलीकडच्या बांधावर. "माझी फुलं आनि यांचं काम, दोगांची गाठ पडता नये," त्या हसून सांगत.

एकदा मी मैत्रिणीच्या लग्नाला खोपोलीला गेले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामाला बसले. एका काचेवर वेगळाच कण दिसला. जाळीदार, लोकरीच्या टोपीसारखी वीण, तीन चिरा. मला आनंद झाला, काहीतरी नवं सापडलं. सरांना वर्णन सांगितलं. त्यांनी डोळे उघडले.

"अशी वीण फुलझाडाची," ते म्हणाले. "त्या जंगलात एकही फूल नव्हतं. फूल ही गोष्टच अजून झालेली नव्हती. काल केसांत काय माळलं होतंस?"

मोगरा, मी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला घरी पाठवलं आणि स्वतः चाचपडत सगळ्या रिकाम्या काचा पुन्हा धुतल्या. मला वाटलं, हे जरा अति झालं. याचं कारण मला पुढे कळलं, आणि तेही काकूंकडून.

सरांच्या घराचं नाव 'सागर' होतं. कडावात, जिथून समुद्र दिसणं शक्य नाही, भातखाचरांच्या मधोमध, निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत. मला आधी ते मुलाचं नाव असावं असं वाटलं. त्यांना मूल नव्हतं. काकूंनी सांगितलं की तरुणपणी सरांना त्या खोऱ्याच्या एका थरात काटेरी गोल कण सापडले. तसले कण समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या जिवांचे असतात असं पुस्तकांत होतं. म्हणजे ते कोळशाचं जंगल कधीतरी समुद्राने भिजलं होतं. एवढ्या आत, देशाच्या पोटात, समुद्र. सरांनी नागपूरच्या एका सभेत ते मांडलं. खाली बसलेल्यांतून नागपूरचेच एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की समुद्र-बिमुद्र काही नाही, या साहेबांच्या काचा नीट धुतलेल्या नाहीत, ही घाण आहे. सभा हसली.

सर त्यानंतर त्या माणसाशी कधी बोलले नाहीत. काचा मात्र धूत राहिले. आणि घर बांधलं तेव्हा पाटी लावली.

मी सरांना याबद्दल विचारलं तर त्यांनी सहज सांगितलं की समुद्र होता, आणि डोळे असते तर आणखी पुरावा दिला असता. "म्हणून तर तुला आणली," ते म्हणाले. त्या थराच्या न पाहिलेल्या काचा कित्येक होत्या. मला त्यांतून समुद्र पक्का करायचा होता.

कोंडाण्याला आम्ही एकदा गेलो होतो. लोक लेणी बघायला येतात, सर ओढा बघायला आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते त्या काळ्या कातळाजवळ उभे राहिले, कातळावर थाप मारली आणि म्हणाले की हा लाव्हा, यात काही टिकत नाही, आपण मुक्या दगडाच्या मुलखात जन्मलो, म्हणून बोलका दगड शोधायला एवढं लांब जावं लागलं. मग त्यांनी मला ओढ्याच्या पाण्याची एक बाटली भरून घ्यायला लावली. तेव्हापासून हे रोजचंच झालं. मी कुठंही गेले की बाटली. उल्हास नदीची, ठाकुरवाडीच्या घाटातल्या झऱ्याची, देवळामागच्या तळ्याची. आज कुठल्या पाण्यात कोण राहतं ते ठाऊक नसताना कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याबद्दल बोलणं त्यांना पटत नसे. विदर्भात असताना त्यांनी हे केलं नव्हतं. तेव्हा वेळ नव्हता. आता वेळ होता आणि माझे डोळे होते. मी ते पाणी काचेवर घेऊन सांगत असे आणि ते कंटाळा न करता ऐकत.

दसरा होऊन गेला होता. पाऊस सरला होता, लवकर पिकणारं हळवं भात कापायला झालं होतं आणि खाचरांतलं पाणी आटून कोपऱ्याकोपऱ्याला हिरवट डबकी उरली होती. मी बाटली आणायची विसरले होते. दारात पाय धुताना आठवलं, म्हणून सरांच्याच खाचराच्या कोपऱ्यातलं पाणी काकूंच्या एका बरणीत घेतलं आणि आत गेले. वर शेवाळाची साय तरंगत होती. एक थेंब काचेवर ठेवला आणि नेहमीसारखी सांगू लागले. हिरवे धागे. नावेसारखं काहीतरी, हलतंय. मग एक गोल दिसला.

"गोल," मी म्हटलं. "भिंत जाड. चहूकडून काटे. काटे बुडाशी रुंद आणि टोकाशी दुभंगलेले, बेचक्यासारखे."

सर खुर्चीत पुढे सरकले. "किती आहेत तसे?"

"बरेच. एकमेकांच्या जवळ."

"वा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "हाच तो. कुठल्या खोक्यातली काच?"

मला तेव्हा कळलं की ही दगडाची काच आहे असा त्यांचा समज झाला होता. आणि मी वर्णन केलं होतं ते त्यांच्या समुद्राच्या कणांचं, हेही तेव्हाच कळलं.

"सर, ही खोक्यातली नाही," मी म्हटलं. "ही आत्ताच्या पाण्याची आहे. बाहेरच्या खाचरातल्या."

बाहेर काकू कोणाला तरी हाक मारत होत्या. सर उठले, भिंतीला धरून मायक्रोस्कोपपाशी आले आणि वाकून त्यात बघू लागले. त्यांना दिसणार नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बराच वेळ ते तसेच, मान तिरकी करत, कडेने काही सापडतं का बघत राहिले. मग सरळ झाले.

"हा जिवंत आहे," ते म्हणाले. "दगडातला आम्लातून वाचलाय. ह्याला आम्लात टाक. विरघळला तर हा तो नाही, माझा समुद्र शाबूत. उरला तर बोलू."

मी सरांच्या बाजूची होते. ही कसोटी त्यांनी स्वतःवर का लावून घ्यावी, हे मला समजेना. गप्प राहिलो असतो तर त्या डबक्याकडे कोण बघणार होतं? मी तसं सुचवलंही. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, असं बघितलं की मी बरणी उचलली. दगड विरघळवण्याचं काम त्यांनी घरी कधी केलं नाही. ते ठाण्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली पूर्वी शिकलेला एक जण करून देई. मी बरणी तिथं पोचवली.

निकाल येईपर्यंतचे दिवस सर मजेत होते. भरपूर जेवत होते, मोठ्याने बोलत होते, दूधवाल्याला म्हशीचा खुराक समजावून सांगत होते. काळजी काकूंना होती. एका सकाळी त्यांनी मला ओटीवरच थांबवलं.

"पोरी, समुद्र गेला का गं?"

मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

"माझ्या माहेरी समद्यांना सांगून बसलेय मी," त्या म्हणाल्या. "लोक विचारतात, तुजा नवरा काय करतो, कोलशाच्या खानीत हाय का? मी सांगते, त्यांनी समुद्र शोधलाय. आता काय सांगू?" मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यांना बोलू नको मी विचारलं म्हनून."

काटेरी गोल विरघळला नाही. आम्लातून तो निघाला तो पिवळसर, रिकामा, काटे जसेच्या तसे. त्याची काच आणि दगडातल्या कणाची काच मी शेजारी शेजारी ठेवली आणि आलटून पालटून सांगत गेले. भिंत, काटे, बेचकी, आकार. सरांनी तीन-तीनदा विचारलं. शेवटी त्यांनी मला जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासायला लावल्या, ज्या काचांत हे काटेरी गोल होते त्यांत आणखी काय होतं ते बघायला. जवळजवळ प्रत्येक वेळी सोबतीला द्राक्षांच्या घडासारखं एक शेवाळ होतं, जे सहसा तळ्यांतल्या गोड्या पाण्यात वाढतं. आणि खात्रीने समुद्राचं म्हणावं असं, एकदाही, काही नव्हतं. हे शेवाळ सरांनाही तरुणपणी दिसलं होतं. नदीतून वाहून आलं असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

मला वाटलं आता ते खचतील. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. सरांनी हात वर करून मला गप्प केलं.

"पाणी आटायला लागलं की खाचरातलं हिरवं शेवाळ असं काटेरी कवच करून बसतं. पाऊस आला की परत उघडतं. बरोबर?"

"हो."

"म्हणजे तिथं पाणी दरवर्षी आटत होतं." ते उठून उभे राहिले. "म्हणजे त्या जंगलाला उन्हाळा होता. पावसाळा होता आणि उन्हाळा होता. हे कोणीच म्हटलेलं नाही. मीसुद्धा नाही. समुद्र घेऊन बसलो होतो मी, आणि समोर अख्खं वर्ष पडलं होतं."

एवढ्या आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी काकूंना हाक मारली आणि दारातूनच, गावच्या बोलीत, सांगितलं, "समुद्र नाय गं. डबकं हाय. आपल्या खाचरासारकं."

काकू पदराला हात पुसत आल्या. त्यांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं, एकदा माझ्या. नवरा खूश आहे हे बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. पाटी काढायची का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, राहू दे, आपण कुठं चुकलो होतो ते घरावरच लिहिलेलं बरं.

त्याच दुपारी त्यांनी मला एक नंबर शोधून काढायला लावला. दोघातिघांना विचारून मी तो मिळवला. नागपूरचे ते गृहस्थ. फोन लावून मी सरांच्या हातात दिला. पलीकडे कोण बोलतंय हे समजायला त्या गृहस्थांना वेळ लागला असावा, कारण सरांनी स्वतःचं नाव दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "समुद्र नव्हता. तुमचं बरोबर होतं. पण कारण चुकीचं दिलंत. माझ्या काचा स्वच्छ होत्या." आणि काय सापडलं ते त्यांनी सविस्तर सांगितलं, वर्गात शिकवावं तसं, समोरच्याला बोलायला जागा न ठेवता. फोन ठेवल्यावर ते आरामखुर्चीत गाढ झोपले.

आमचा लेख छापून आला तेव्हा त्यात माझं नाव आधी होतं. मी विरोध केला. पाहिलं कोणी, एवढंच त्यांनी विचारलं. लेखाचं पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं होतं: अमुक साली मी जे म्हटलं होतं ते चूक आहे. एवढं थेट कोणी लिहीत नाही, असं संपादकांनी कळवलं. सर म्हणाले, मग त्यांना एक तरी नमुना मिळाला.

पुढच्या वर्षीची कापणी होऊन पेंढ्याच्या उडव्या रचल्या होत्या तेव्हा नागपूरचे गृहस्थ आले. न कळवता. कर्जत स्टेशनवरून रिक्षा करून, हातात काठी, गुडघे इतके दुखरे की ओटीच्या पायरीवर त्यांना काकूंनी आणि मी धरून चढवलं. पाटी वाचून ते जरा थबकले. सरांनी त्यांना आवाजावरून ओळखलं नाही. मी कानात नाव सांगितलं. दोघे म्हातारे समोरासमोर बसले. एकाला दुसऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि दुसऱ्याला पहिला आपल्याकडे का बघत नाही ते कळत नव्हतं. चहा झाला. प्रवास कसा झाला यावर बोलणं झालं. मग ते गृहस्थ म्हणाले, दाखवा.

त्यांनी पाय धुतले, काही न विचारता केसांना रुमाल बांधला आणि गोठ्यात आले. मी दोन्ही काचा लावून दिल्या. ते बराच वेळ बघत होते. सर त्यांच्या खुर्चीत ताठ बसले होते. मला भीती वाटत होती की हा माणूस पुन्हा काहीतरी बोलणार.

ते मायक्रोस्कोपवरून मान न उचलताच बोलले. "माझ्याकडेही होते हे."

सर म्हणाले, "कुठं?"

"माझ्या खोऱ्यात. तुमच्याहून उत्तरेला. ढीगभर होते." ते आता आमच्याकडे वळले. "मी तर घाण समजून मोजतच नव्हतो न. तुम्ही सभेत दाखवले तेव्हा वाटलं, आपल्याकडे आहे तीच घाण यांच्याकडेही आहे. तुम्हाला समुद्र वाटला. मला कचरा वाटला. नीट बघितलं कोणीच नाही जी."

हे ऐकून सर काय करतील ते मला सांगता आलं नसतं. सभेतलं ते हसणं त्यांनी किती वर्षं बरोबर वागवलं होतं हे मला ठाऊक होतं. सरांनी मान तिरकी केली आणि त्या गृहस्थांच्या कानापलीकडे टक लावून, म्हणजे अगदी नीट, त्यांच्याकडे बघितलं.

"त्या काचा अजून आहेत?" त्यांनी विचारलं.

"घरी आहेत. पेट्यांत."

"मागवून घ्या," सर म्हणाले. मग दाराकडे तोंड करून त्यांनी काकूंना आणखी एका माणसाचा भात लावायला सांगितला, आणि नागपूरच्या गृहस्थांना विचारलं की खाटेवर झोपायची सवय आहे की खाली गादी घालायची.